पिंपांचा हिशेब: व्होल्ने आणि मरसो इथल्या दोन तुकड्यांच्या कामनोंदी, हंगाम २०२४

ठिकाण: कोत द बोन, बर्गंडी, फ्रान्स. घरची शेती, घरचंच वाइनघर. फवारणीत फक्त तांबं आणि गंधक.

तुकडा १: व्होल्ने, पिनो न्वार (लाल वाइनची द्राक्षं), ०.३८ हेक्टर. साधारण १६५ मीटर लांबीच्या २३ ओळी. वाटण्यांमुळे सलग नाहीत: आधी १४, मग शेजाऱ्याच्या ६, मग उरलेल्या ९. वेलींच्या जागा ३,८००. त्यांतल्या सहा टक्के मेलेल्या किंवा अजून फळावर न आलेल्या. उत्पादनाची मूळ मर्यादा हेक्टरी ४० हेक्टोलिटर (एक हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर), म्हणजे आमच्या वाट्याला १५.२ हेक्टोलिटर, साडेसहा पिंपांच्या थोडं वर.

तुकडा २: मरसो, शार्दने (पांढऱ्या वाइनची द्राक्षं), ०.४२ हेक्टर, उताराच्या खालच्या अंगाला, चिकण जमीन. मर्यादा हेक्टरी ४५ हेक्टोलिटर, म्हणजे १८.९ हेक्टोलिटर, सव्वाआठ पिंपं.

मापं: पूर्ण पिंप २२८ लिटर, अर्धं ११४, पाव ५७. हातचा ठोकताळा: ३०० ते ३१० किलो द्राक्षांना एक पिंप लाल वाइन. दोन गावांचा माल एकत्र केला की गावाचं नाव बाटलीवरून जातं, त्यामुळे प्रत्येक तुकड्याची टाकी, प्रेसचा घाणा आणि पिंपं वेगळी. माल भरपूर असताना हे जाणवत नाही. माल कमी आला की यंत्रं आणि भांडी सगळीच मोठी पडतात, आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

१८ जानेवारी २०२४

व्होल्नेची छाटणी सुरू. नाशिक-सांगलीकडे एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा वर्षात दोन होतात. इथे एकच, आणि ती वेल पूर्ण झोपलेली असताना. पद्धत गुयोची: सहा डोळ्यांची एक फळकाडी आणि तिच्याखाली दोन डोळ्यांचा एक खुंटा. पुढच्या वर्षीची काडी याच खुंट्यावरून येते.

खुंटा नेहमी काडीच्या खालच्या बाजूला आणि दरवर्षी त्याच अंगाला ठेवायचा. मग सगळ्या जखमा वरच्या बाजूला पडतात आणि खालून जाणारा रसप्रवाह अखंड राहतो. जखमा आलटून पालटून दोन्ही बाजूंना पडल्या, की आतलं मेलेलं लाकूड एकमेकांना मिळतं आणि पंधरा-वीस वर्षांत खोड पोकळ होतं. खोडकुजीचा एस्का रोग अशाच खोडांत लवकर दिसतो. दोन वर्षांचं लाकूड कापताना अगदी खोडालगत कापत नाही. जाडीच्या दुप्पट लांबीचं थोटूक सोडतो. ते वाळतं, पण वाळण आत खोडापर्यंत पोहोचत नाही. थोटकं सोडलेली वेल दिसायला गबाळी दिसते, पण त्याला इलाज नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये एस्काची खूण म्हणून लाल फीत बांधलेल्या वेली शेवटी छाटायच्या. कात्री दर ओळीनंतर अल्कोहोलने पुसायची.

२७ फेब्रुवारी

मरसोचा तुकडा मुद्दाम मागे ठेवला होता, तो आता घेतला. हा सखल भाग. थंड हवा उतरून इथेच साचते. शार्दने पिनोच्या आधी फुटते, म्हणून धोका दुप्पट. उशिरा छाटलं की फूट थोडी लांबते. तसंच फळकाडी तारेला आडवी बांधायची घाई करत नाही. काडी उभी असेल तर टोकाचे डोळे आधी फुटतात आणि बुडाकडचे दबून राहतात. दहिवर पडलं तर टोकाचे जातात, बुडाचे हाताशी राहतात.

१९ मार्च

व्होल्नेत काड्या वाकवून तारेला बांधल्या. हे काम ओल्या, ढगाळ दिवशी करायचं. कोरड्या वाऱ्यात काडी कडक होते आणि नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या डोळ्यापाशी मोडते. वाकवताना एक हात बुडाशी आधाराला. आधी हलकं पिळायचं, मग वाकवायचं. खांब बदलले, तळाच्या तारेला ताण दिला. पावसाने जमीन इतकी भिजली आहे की नवा खांब हाताने ढकलला तरी जातो आणि तसाच हलतो. बुडाशी दगड ठासावे लागले.

२३ एप्रिल

दहिवराची रात्र. मरसोत दोन-तीन पानं उघडलेली. पॅराफिनच्या मेणबत्त्यांचे डबे हेक्टरी ४०० च्या हिशेबाने १६८ मांडून ठेवले. पेटवायचे की नाही हे साध्या तापमापीवर ठरवत नाही, ओल्या कापडाच्या तापमापीवर ठरवतो. कोरडी कोवळी फूट उणे दोनच्या आसपासपर्यंत कशीबशी तग धरते. तीच ओली असेल तर उणे एकलाही करपते. पहाटे पाचला साधी तापमापी शून्याच्या जरा खाली, पण वारा पडला नव्हता आणि फूट कोरडी होती. पेटवल्या नाहीत.

सूर्य उगवल्यानंतरचा तासही तितकाच वाईट. २०१६ च्या २७ एप्रिलला गोठलेल्या फुटीवर स्वच्छ ऊन पडलं आणि ती भाजून निघाली. म्हणून पुढच्या वर्षी, २०१७ च्या एप्रिलअखेर, गावोगावी ओला पेंढा जाळून धुराचा पडदा धरला गेला. या वेळी सकाळी ढग होते, तेवढं बरं. व्होल्नेत काही नाही. मरसोत सखल कोपऱ्यातल्या चार ओळींत टोकं काळी पडली, बुडाचे डोळे शाबूत.

१४ मे

फेलफूट काढणी. खोडावरची सगळी फूट आणि जोडफुटींपैकी एक काढायची. वेलीवर सहा ते सात फुटी ठेवायच्या, दोन फुटींत हाताची चार बोटं जातील एवढी जागा. दमट वर्षात हे काम पहिल्या फवारणीइतकंच मोलाचं. दाटी झाली तर तांबं घडापर्यंत पोहोचतच नाही.

डाऊनी (केवडा) या बुरशीच्या रोगाचा ठोकताळा सगळ्यांना पाठ आहे: तापमान १० अंश, पाऊस १० मिलिमीटर, फूट १० सेंटीमीटर. तिन्ही कधीच पूर्ण झाले. शाब्लीत १ मेच्या संध्याकाळी मोठी गारपीट झाली. आमच्याकडे गारा नाहीत, फक्त पाऊस, आणि तो थांबायचं नाव घेत नाही.

ट्रॅक्टर ओळीवरून स्वार होऊन चालतो, चाकं दोन्ही बाजूंच्या मधल्या पट्ट्यात. मरसोच्या चिकणमातीत तो आज घोट्याएवढा रुतला. एकदा चाकोरी पडली की तिथली माती वर्षभर दबून राहते. म्हणून खालच्या अर्ध्या तुकड्याला पाठीवरच्या मोटरपंपाने फवारलं. वेळ चौपट लागतो, पण पावसाच्या दोन सरींमधली फट ट्रॅक्टरची वाट बघत नाही.

३ जून

पानांवर तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी. व्होल्नेत शेजाऱ्याच्या सहा ओळींना लागून असलेल्या ओळींत जास्त. तिथे फवारणी मागे पडली आहे. सीमेवर आम्ही त्या बाजूचे नोझल बंद करून जातो, तेव्हा आमच्या शेवटच्या ओळीला एकाच बाजूने औषध मिळतं. आता ती ओळ दोन्ही बाजूंनी हाताने फवारायची.

तांब्याचं गणित: नियम सात वर्षांत हेक्टरी २८ किलो धातू, म्हणजे सरासरी वर्षाला ४. बोर्डो मिश्रणाच्या पुडीत तांबं २० टक्के; दोन किलो पूड म्हणजे ४०० ग्रॅम धातू. आम्ही एका वेळी २०० ते ४०० ग्रॅमच्या मध्ये राहतो. २० ते २५ मिलिमीटर पाऊस झाला की संरक्षण धुऊन गेलं असं धरायचं. आणि पाऊस नसला तरी आठवड्याभरात आलेली नवी पानं उघडीच असतात. पावसाच्या आदल्या दिवशी तांब्याचं हायड्रॉक्साइड, कारण ते लगेच लागू पडतं पण टिकत नाही. लांब झडीच्या आधी बोर्डो, कारण ते पानाला चिकटून राहतं. दोन्हींत पाण्यात मिसळणारं गंधक, भुरीसाठी.

पाऊस पडून गेल्यावर फवारणं म्हणजे तांबं वाया घालवणं. ते बीजाणूला पानात शिरण्याआधी मारतं. शिरल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

१७ जून

फुलोऱ्यात थंडी आणि पाऊस. फुलावरची टोपी गळून पडायला ऊब लागते; ती चिकटून राहिली की परागीभवन होत नाही. व्होल्नेत गळ मोठी आहे: घडाला धरून कुठे नुसता सांगाडा, कुठे मोहरीएवढे बिनबियांचे मणी आणि मध्ये एखादा नीट भरलेला. हे बारीक मणी वजनाला काहीच नाहीत, पण पिकले तर रस घट्ट आणि सालीचं प्रमाण जास्त. पिनोत त्यांना मान आहे. पिकले तर.

८ जुलै

डाऊनी घडांवर. फुलोऱ्यानंतर लागण झालेले मणी आधी राखाडी, मग तपकिरी होऊन आत वळतात आणि चामड्यासारखे वाळतात. काढून उपयोग नाही, हात लावला तर शेजारचे चांगले मणी गळतात. घडांभोवतीची पानं सकाळच्या उन्हाच्या बाजूने काढली. दुसरी बाजू ठेवली, कारण ऑगस्टमध्ये ऊन तापलं तर भाजतं.

तांबं आतापर्यंत हेक्टरी ४.१ किलो. वर्षाची सरासरी ओलांडली. मागच्या कोरड्या वर्षांची शिल्लक आहे, त्यातून भागतं. मण्यांत पाणी उतरेपर्यंत (म्हणजे ते मऊ पडून रंग धरेपर्यंत) संरक्षण सोडता येत नाही. एकदा पाणी उतरलं की मण्याला नवी लागण होत नाही. त्यानंतर फक्त पानं सांभाळायची, कारण साखर तीच भरणार.

शेंडा मारला, पण उंच: जमिनीपासून १३० सेंटीमीटर. खाली कापलं असतं तर बगलफूट उसळली असती, आणि ती कोवळी पानं म्हणजे डाऊनीला पुन्हा आमंत्रण.

२० ऑगस्ट

पाणी उतरलं, पिनोत रंग अर्ध्याच्या पुढे. पिकाचा अंदाज: वेलीवर धरण्यासारखे घड सरासरी ४, घडाचं वजन ६० ग्रॅम. फळावरच्या ३,५७० वेली. गुणाकार ८५७ किलो. एरवी इथून दोन टनांच्या वर माल निघतो. मरसोत शार्दने बरीच बरी. १,९०० किलोपर्यंत जावी.

म्हणजे व्होल्ने साडेसहाऐवजी अडीच-पावणेतीन पिंपं. नवी पिंपं फुलोऱ्याआधीच मागवली होती, पूर्ण पिकाच्या हिशेबाने: व्होल्नेला दोन, मरसोला दोन. अडीच पिंपांत दोन नवी घातली तर ती वाइन नुसत्या ओकचीच लागेल. ठरलं: व्होल्नेला एकही नवं नाही, एक वर्ष वापरलेलं एक आणि तीन वर्षांचं एक. मरसोला एक नवं. उरलेली तीन वेष्टन न काढता तळघरात, दमट बाजूला; वरच्या कोठीत कोरड्या हवेत फळ्या आकसतात.

रिकाम्या राहणाऱ्या जुन्या पिंपांचं काम यंदा जास्त. धुऊन, निथळून, ५ ग्रॅम गंधकाची वडी आत जाळून बूच घट्ट, आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. ओल्या लाकडात गंधक जाळलं नाही तर महिन्याभरात व्हिनेगरचा वास; तो एकदा फळीत शिरला की पिंप सरपणात जातं.

९ सप्टेंबर

प्रत्येक तुकड्यातून २०० मणी. नमुना ओळीच्या टोकांवरून घ्यायचा नाही. तिथल्या वेलींना ऊन जास्त मिळतं आणि आकडा फसवतो. घडाच्या खांद्यावरचा, मधला, खालचा असे मणी आळीपाळीने.

पिनो: साखर १७८ ग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे संभाव्य अल्कोहोल १०.६ टक्के. शार्दने १८४. दोन्हींत मॅलिक आम्ल (कच्च्या फळाचा आंबटपणा) जास्त. बिया अजून हिरवट, दाताखाली चिवट. थांबायचं.

१५ सप्टेंबर

किण्वन सुरू करायला विरजण लावलं. व्होल्नेतून निवडक २० किलो पिनो, हाताने देठ काढून, चुरून, २४ अंशांना झाकून. मुख्य मालात दोन-तीन टक्के घालायला पुरेल. थोड्या मालाला हे करावंच लागतं: थंड वाइनघरात लहान टाकी आपणहून सुरू व्हायला आठ-आठ दिवस घेते, आणि तेवढ्यात पृष्ठभागावर नको ते जिवाणू धरतात. विरजणाचा वास रोज घ्यायचा. नेलपॉलिशसारखा वास आला तर फेकायचं, कितीही जीव लावला असला तरी.

१९ सप्टेंबर

मरसोची काढणी. साखर २००, पीएच ३.१०, एकूण आम्लता गंधकाम्लाच्या मापात ५.२. भरले १,९०० किलो, अंदाज बरोबर आला. क्रेट १५ किलोचे. त्याहून मोठे घेतले की तळचे घड फुटतात आणि रस वाटेतच तपकिरी होतो.

प्रेसमध्ये अख्खे घड, देठासकट. देठांमुळे रसाला वाट मिळते. यंत्राची कुवत अख्ख्या घडांची १,२०० किलो. पहिला घाणा १,२०० आणि दुसरा ७०० असं करायचं नाही. अर्धवट भरलेल्या पिंजऱ्यात दाब देणारा पडदा जास्त ताणला जातो, चोथ्याची वडी पातळ बसते, पुन्हा पुन्हा फिरवून फोडावी लागते, आणि रस गढूळ व कडवट येतो. ९५० चे दोन सारखे घाणे केले. प्रत्येकाला अडीच-तीन तास, कमाल दाब १.६ बार, मधली फिरवणी निम्म्याने कमी. शेवटचा रस चाखत राहायचं. मीठ आणि हिरवा देठ जिभेला लागला की थांबायचं. रस १२.९ हेक्टोलिटर.

सल्फर डायऑक्साइड हेक्टोलिटरला ३ ग्रॅम, तेही रस टाकीत पोहोचल्यावर. प्रेसच्या ताटलीत रस थोडा तपकिरी झालेला आम्हाला चालतो. आत्ता जे गंजतं ते नंतर बाटलीत गंजत नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून बर्गंडीच्या पांढऱ्या वाइन्स बाटलीत अकाली म्हाताऱ्या होऊ लागल्या, तेव्हापासून या एका मुद्द्यावर इथे घराघरांत वाद आहेत.

२० सप्टेंबर

१२ अंशांना रात्रभर निवळवून साका खाली बसला. गढूळपणा २०० एनटीयू (गढूळपणाचं एकक), हवा तसा. १०० च्या खाली गेला तर यीस्टला खायला कमी पडतं आणि किण्वन शेवटच्या १० ग्रॅम साखरेवर अडतं; ३०० च्या वर राहिला तर जळक्या रबरासारखा वास. साका ६० लिटर बाजूला, हाती १२.३ हेक्टोलिटर.

घनता (पाण्याची १०००; साखर संपत जाते तशी उतरते) १० अंकांनी उतरल्यावर पिंपांत. फेस वर येतो म्हणून पिंप पूर्ण भरत नाही, २०५ लिटरच. सहा पिंपं बरोबर बसली. किण्वन संपल्यावर ही पाच पूर्ण पिंपं, एक पाव पिंप आणि काचेच्या बरणीत ३३ लिटर अशी आवळायची. सहा अर्धवट पिंपं हिवाळाभर ठेवली तर वरची हवा वाइन खाऊन टाकेल.

२१ सप्टेंबर

व्होल्नेची काढणी. साखर १९८, म्हणजे ११.८ टक्के, घनता १०८३, पीएच ३.२५. तोडताना घड हलवायचा; वाळलेले डाऊनीचे मणी तिथेच झडतात. मग कंप देणारी जाळी, तिच्यातून सुकट खाली पडते. मग पट्ट्यावर चार माणसं, आणि त्यांनी फक्त हिरवट-गुलाबी मणी आणि कूज बघायची. सगळ्यांनी सगळं बघितलं की कुणीच काही बघत नाही. आले ८३० किलो, निवडून ७६५.

अख्खे घड किती घालायचे यावर घरात दोन मतं आहेत. थोरल्या काकांना तिसरा हिस्सा देठासकट हवा असतो. देठ रंग थोडा शोषतात पण वासाला उठाव देतात, हे खरं आहे. यंदा देठ हिरवे आणि त्यांवर डाऊनीचे डाग, त्यामुळे वाद झालाच नाही. सगळे देठ काढले. मणी ७३० किलो.

आता भांडं. नेहमीची लाकडी टाकी ३० हेक्टोलिटरची, व्यास १७० सेंटीमीटर. त्यात हा माल ओतला तर जेमतेम ३० सेंटीमीटर उंची. चोथ्याचा थर पातळ आणि पसरट, वर कार्बन डायऑक्साइडचं आवरण टिकत नाही, थर सुकतो आणि आंबूस होतो. म्हणून १० हेक्टोलिटरची, एक मीटर व्यासाची उघडी स्टीलची टाकी. उंची ८७ सेंटीमीटर भरली आणि थर वर यायला जागा राहिली. ११ अंशांवर ठेवली.

२६ सप्टेंबर

विरजण घातल्यापासून दीड दिवसात किण्वन सुरू. घनता १०७२. अडचण अपेक्षित तीच: एवढासा माल स्वतःची ऊब धरत नाही. ३० हेक्टोलिटरची टाकी ३२ अंशांवर जाऊ नये म्हणून आम्ही थंड पाणी फिरवतो. ही आपणहून २३ वर अडकली. रंग निघतो, पण सालीतली घट्ट चव निघत नाही. टाकीला गोधड्यांचा वेढा आणि आत गरम पाण्याची पट्टी; पट्टी चालू असताना मिश्रण ढवळत राहायचं, नाहीतर तिच्याभोवतीचं यीस्ट भाजून मरतं. संध्याकाळी २८.

थर दाबणं दिवसातून एकदाच, हाताच्या दांड्याने, पायाने नाही. सकाळी फक्त खालचा रस काढून वरून हळू शिंपायचा. साली पातळ आहेत. जोर केला तर चांगलं काही येणार नाही, बियांचा कडवटपणा तेवढा येईल.

साखर: ०.७ टक्के अल्कोहोल वाढवायचं. टक्क्याला लिटरमागे १७ ग्रॅम, म्हणजे १२ ग्रॅम, ५.४ हेक्टोलिटर वाइनला साडेसहा किलो. आज अर्धी, घनता १०३० ला उरलेली. दोनदा घातल्याने किण्वन दोन दिवस लांबतं आणि ऊब टिकते, खरा फायदा तो. थोड्या रसात विरघळवून मगच ओतायची. कोरडी टाकली तर तळाशी ढेप होऊन बसते. इथे वाढीची कमाल मर्यादा दीड टक्का, आणि घालण्याआधी सीमाशुल्क कार्यालयाला कळवावं लागतं. ज्या वाइनला साखर दिली तिला आम्ल देता येत नाही. यंदा कुणाला त्याची गरजही नाही.

६ ऑक्टोबर

घनता ९९४. दाबकाम थांबवून तीन दिवस झाकून ठेवली होती. चोथा चाखला, आता देण्यासारखं काही नाही. आपसूक निथळलेली वाइन ४३० लिटर. चोथा जुन्या उभ्या स्क्रूच्या प्रेसमध्ये. मोठ्या प्रेसमध्ये एवढा चोथा कोपऱ्यातही दिसत नाही. दाबून ११० लिटर, स्वच्छ आणि थोडी रांगडी, म्हणून एकत्रच केली.

५४० लिटर, म्हणजे दोन पूर्ण पिंपं (४५६), एक पाव पिंप (५७) आणि २७ लिटर काचेच्या बरण्यांत. हे २७ लिटर भरणीसाठी. लाकडातून वर्षाला चारेक टक्के वाइन उडते. ५१३ लिटरमागे वीसेक लिटर. पुरेल, पण जेमतेम. एका मोठ्या बरणीऐवजी पाच-पाच लिटरच्या भरल्या. मोठी एकदा उघडली की आत हवा, आणि मग तिनेच चांगली पिंपं भरायची म्हणजे रोग पसरवायचा.

१८ नोव्हेंबर

काल बोनमध्ये धर्मार्थ रुग्णालयाच्या पिंपांचा लिलाव झाला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारचा शिरस्ता. गावभर पाहुणे, तळघरात चाखायला माणसं. दर वेळी पिपेट बुडवली की अर्धा पेला जातो. व्होल्नेच्या दोन पिंपांतून यंदा कुणाला चाखायला देणं बंद.

मरसो कोरडी झाली, साखर दीड ग्रॅमच्या खाली. साका ढवळणं पंधरवड्यातून एकदा, नाताळपर्यंत, पुढे नाही. आंबट वर्षात ढवळून जाडपणा आणायचा मोह होतो. त्यात हवाही जाते.

११ मार्च २०२५

तळघर १२ अंशांवरून वर सरकतंय आणि मॅलोलॅक्टिक किण्वन (मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल होणं) जागं झालं. कान लावला की पिंपात बारीक चुरचुर ऐकू येते. मॅलिक ४ ग्रॅम होतं, म्हणजे बदल मोठा; पीएच ३.१० चा ३.२५ पर्यंत चढेल. कागदी क्रोमॅटोग्राफीवर (आम्लं कागदावर डागांनी वेगळी दाखवणारी चाचणी) मरसोच्या पिंपांत अजून मॅलिकचा डाग, व्होल्नेत नाही. व्होल्नेला लगेच सल्फर डायऑक्साइड हेक्टोलिटरला ३ ग्रॅम. मॅलिक संपल्यावर वाइन उघडी ठेवली की घोड्याच्या जीनासारखा वास आणणाऱ्या ब्रेट या यीस्टचं फावतं.

पाव पिंपाची पातळी भरणीच्या मध्ये दोनदा खाली गेलेली मिळाली. भांडं लहान, लिटरमागे लाकूड जास्त. बरण्या वाचवायच्या म्हणून उकळून घेतलेल्या काचेच्या गोट्या आत सोडून पातळी तोंडापर्यंत आणली.

१७ जुलै २०२५

व्होल्ने चाखून पाहिली. तीन वर्षांच्या पिंपातली सगळ्यांत सरळ आणि फळाच्या चवीची. एक वर्षाच्यात थोडी भाजकी कड. पाव पिंपातली पुढे गेलेली, किंचित सुकामेवा. वेगळी ठेवण्यात अर्थ नाही. तिन्ही एकाच टाकीत, गुरुत्वाने, पंप न लावता. टाकीही चढ-उतार करणाऱ्या झाकणाची, म्हणजे वर हवा राहत नाही. साका वजा जाता साधारण ५०० लिटर, ६६० च्या आसपास बाटल्या. भरपूर वर्षात दोन हजार.

बाटलीभरणीचा ट्रक एवढ्यासाठी बोलावणं परवडत नाही. नळ्या आणि गाळणीतच दहा-वीस बाटल्यांचा माल अडकतो. दोन तोट्यांच्या हातभरणीने, न गाळता, हवेचा दाब जास्त असलेल्या दिवशी भरायचं. दाब पडला की साका वर येतो. मोकळं सल्फर डायऑक्साइड लिटरला २५ मिलिग्रॅमवर आणायचं.

मागवायचं: बुचं ७००, वजनाने हलक्या बाटल्या ६८०, हातभरणीच्या तोट्यांचे रबरी वायसर. मरसोसाठी ट्रक चालेल. त्यांच्याकडे तारीख विचारायची, पण नव्या हंगामाच्या काढणीआधीची, कारण तोवर पाच पिंपं रिकामी होऊन धुऊन हवीत.